शिफ्टच्या वेळेतली पाच मिनिटं द्या, मग म्हणा कामगार येत नाहीत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका कारखानदार साहेबांचं पत्र छापून आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की आम्ही योगा ठेवतो, झुंबा ठेवतो, फुकट तपासणी करतो, रविवारी सकाळी अजिंक्यतारा किल्ल्यावर वॉक ठेवतो, वर टी-शर्ट आणि नाश्ता देतो, तरी कामगार फिरकत नाही, याला स्वतःच्या तब्येतीची किंमतच नाही. पत्र वाचून राग वगैरे काही आला नाही, साहेबांची तळमळ खरी वाटली. पण मी सातारा एमआयडीसीत एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे, बरीच वर्षं झाली, हजेरी, ओटी म्हणजे ओव्हरटाइम, गेट पास, रजेचे अर्ज सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळं कोण कशाला येतंय आणि कोण का येत नाही हे मला जेवढं दिसतं तेवढं वरच्या मजल्यावरच्या केबिनमधनं दिसत नसावं, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या रविवारचंच बघू. आमच्याकडचा निम्मा कामगार सातारा शहरातला नाहीच. कोरेगाव, रहिमतपूर, नागठाणे, लिंब, मेढा असल्या बाजूनं येतो, घरी एखादी म्हैस आहे, अर्धा-एक एकर ऊस आहे, पहाटे उठून धार काढायची, डेअरीला दूध घालायचं आणि मग कंपनीची बस धरायची. शेतीची थ्री फेज लाइट कुठल्या आठवड्यात दिवसा तर कुठल्या आठवड्यात रात्री, रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन पाणी पाजायला रानात. आता अशा माणसाला तुम्ही सांगताय की सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला ये, तुझी तब्येत सुधारायची आहे. तो कसा येणार आणि का यावं त्यानं? आठवड्यातनं एकदा त्याला घरात झोपायला मिळतं, मटणाच्या दुकानापुढं उभं राहायला मिळतं, बहिणीकडं जाऊन यायला मिळतं. ताऱ्यावर रोज पहाटे चढणारी शहरातली मंडळी आहेत की, डॉक्टर, वकील, मास्तर, रिटायर झालेले, भेटलं की राम राम होतो, त्यांचं मला कौतुकच आहे. पण ती त्यांच्या दिवसात बसणारी गोष्ट आहे.

बरं रविवार नको तर शिफ्ट सुटल्यावर, असा दुसरा पर्याय असतो. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते आणि बस पावणेचारला निघते, कार्यक्रम ठेवला चारला. बस गेली की वडाप म्हणजे खाजगी जीप, वडापला स्वतःचे पैसे, आणि मेढ्याकडं जाणारा असेल तर घरी पोचेपर्यंत अंधार. टाइम ऑफिसमध्ये बसून मी बघितलंय, माणसं सूचना फलकासमोर उभी राहतात, वाचतात, घड्याळाकडं बघतात आणि पंच करून निघून जातात. ह्यात आळस कुठला आला?

माझं म्हणणं फार छोटं आहे. जे काही करायचं ते कंपनीच्या वेळेत करा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, त्यातली पाच मिनिटं म्हणजे साधारण एक टक्का. हे ऐकलं की प्रोडक्शनवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, मला माहीत आहे. पण टूल यायची वाट बघण्यात, लाइट गेल्यावर, मटेरियल शॉर्ट झाल्यावर रोज किती मिनिटं जातात ते त्यांच्याच ब्रेकडाउन रजिस्टरला लिहिलेलं असतं. आणि ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. आयुष मंत्रालयानं २०२१ च्या सप्टेंबरात वाय-ब्रेक म्हणून ॲप काढलं, त्यात कामाच्या जागीच करायचा पाच मिनिटांचा योगा आहे, ताडासन, कटिचक्रासन, खांदे फिरवणं, थोडा श्वास, भ्रामरी, संपलं. चटई लागत नाही, कपडे बदलायला लागत नाहीत. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या ऑफिसातल्या लोकांना खुर्चीवर बसून करायचं पण सुचवलं. जपानमध्ये तर रेडिओवर व्यायाम लावायची पद्धत १९२८ पासून आहे, तिकडं कारखान्यात कामाला हात लावायच्या आधी सगळे मिळून हातपाय मोकळे करतात. तिकडच्या ५एस, कायझेन असल्या कामाच्या पद्धतींचे फलक आपण गेटपासून कॅन्टीनपर्यंत लावले, ही व्यायामाची गोष्ट तेवढी नेमकी घ्यायची राहिली.

आता आमच्याकडं काय झालं ते सांगतो. आमच्या मशीन शॉपला एक फोरमन आहेत, रिटायरमेंटला आलेले, पोट सुटलेलं, तोंड फाटकं, पण पोरं त्यांना मानतात. शिफ्ट चालू व्हायच्या आधी रोज टूलबॉक्स टॉक होतो, म्हणजे सगळे गोल उभे राहतात, काल काय रिजेक्शन झालं, आज टार्गेट काय, हेल्मेट-गॉगल घातलाय का, एवढं पाच-सात मिनिटं. एचआरच्या मॅडम योगा टीचरला घेऊन दोन-तीनदा आल्या होत्या, कॅन्टीन हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, आले कोण तर ऑफिसातले आणि ट्रेनी पोरं. मग कुणीतरी ह्या फोरमन काकांना गाठलं, बहुतेक मॅडमनीच, आणि त्या टूलबॉक्स टॉकलाच जोडून हातपाय हलवायचं ठरलं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम हजेरीचा कागद घ्यायचं निमित्त काढून गेलो होतो. काकांनी दोन्ही हात वर केले तर शर्ट पँटीतनं बाहेर, खालचा बनियन दिसायला लागला, मागं दोन हेल्पर पोरं फिस्सकन हसली. काका हात वरच ठेवून वळले आणि म्हणाले, "हसताय काय रं, काल पाठ धरून बसलावता तू का मी?" झालं, सगळेच हसले आणि सगळ्यांनी हात वर केले. सीएनसी मशीनवरचा एक जण खांदा फिरवताना थांबला, त्याचा उजवा हात कानाच्या वर जातच नव्हता. काकांनी बघितलं, जवळ गेले, "किती दिस झालं?" तो म्हणाला सहा महिने. सहा महिने तो माणूस तसाच जॉब म्हणजे घडवायचा तुकडा उचलून मशीनच्या चकमध्ये लावत होता, कुणाला पत्ता नाही, मेडिकल कॅम्पमध्ये पण तो सापडला नाही कारण तो कॅम्पला आलाच नव्हता. त्या दिवशी त्याला मी स्वतः गेट पास करून डॉक्टरकडं पाठवला.

आता हे सगळं एकदम सोन्यासारखं चाललंय असं नाही हां. महिनाअखेरीला डिस्पॅचची बोंब असली की पहिला गळा ह्या पाच मिनिटांचाच आवळला जातो. नाइट शिफ्टला कोण करत नाही. दुसऱ्या शॉपच्या सुपरवायझरला हे पोरखेळ वाटतो, तो मोबाइल बघत बाजूला उभा राहतो आणि त्याची माणसं पण मग तशीच उभी राहतात. ह्यावरनं मला एवढं कळलं की पोस्टर, मेल, व्हॉट्सॲपचा ग्रुप, त्यावरचे फुलांचे मेसेज हे सगळं एका बाजूला आणि ज्याच्या हातात आपली रजा आणि ओटी आहे तो सुपरवायझर स्वतः हात वर करतोय का हे दुसऱ्या बाजूला. कामगार एमडी साहेबांकडं बघून काही ठरवत नाही, एमडी त्याला वर्षातनं एकदा पूजेला दिसतात. त्यामुळं कंपन्यांनी वेलनेसचा खर्च करताना पहिल्यांदा सुपरवायझर, फोरमन, लाइन लीडर ह्यांना आणावं, आणि नुसतं आणू नये, त्यांच्या टार्गेटमधनं ती पाच मिनिटं वजा करून द्यावीत. टार्गेट तेवढंच ठेवून व्यायाम पण घे म्हटलं की तो काय करणार, व्यायाम कागदावर दाखवणार.

कामगार बांधवांना पण दोन शब्द बोलायचेत, नुसतं मालकांवर ढकलून चालत नाही. आपल्यात एक ठरलेलं वाक्य आहे, आम्ही दिवसभर अंगमेहनत करतो आम्हाला व्यायाम कशाला. अरे पण मशीनसमोर आठ तास एका जागी उभं राहणं आणि एकाच बाजूला कमरेत वळून जॉब उचलणं हा व्यायाम नाही, ती झीज आहे. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेले किती जण आहेत आपल्यात ते पँट वर करून बघा. दर तासाला जागच्या जागी वीस वेळा टाचा वर-खाली केल्या तरी पायातलं रक्त फिरतं, त्याला काय पैसे पडत नाहीत. आणि फोर्कलिफ्ट, क्रेन, स्टोअरचा काउंटर, माझ्यासारखे टेबलवाले, आपण तर बसूनच असतो. लंडनमध्ये १९५३ ला डॉ. मॉरिस म्हणून होते त्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ह्यांची तुलना छापली होती, एकच बस, एकच डेपो, पण दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयाचा आजार बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी. आपल्या एसटीत वरचा मजला नाही, नाहीतर आपले कंडक्टर पण ठणठणीत राहिले असते.

आणि साताऱ्याच्या माणसाला हे बाहेरून शिकवावं लागावं ह्याचं नवल वाटतं. खटाव तालुक्यातलं औंध आपलंच. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्काराचं किती वेड लावलं होतं हे जुनी माणसं अजून सांगतात, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. लक्षात घ्या, शाळेतच, घरी जाऊन करा किंवा रविवारी या असं नव्हतं. ह्याच औंध संस्थानात १९१० ला किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, आता तो भाग सांगली जिल्ह्यात गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला पळाली. एवढं सगळं असताना आपण एमआयडीसीतले लोक पंचेचाळिशीला गुडघ्याला हात लावून जिना चढतो.

आता तपासणी कॅम्पचा विषय, ह्यावर मला जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त लोक इथनं पळतात. काही वर्षांपूर्वी एका कॅम्पला मी हजर होतो, कंपनीचं नाव घेत नाही. कॅन्टीनमध्ये टेबल लावलेलं, नर्स बीपी बघत होती आणि शेजारी एचआरचा पोरगा लॅपटॉप घेऊन आकडे भरत होता, त्याला ऐकू जावं म्हणून नर्स मोठ्यानं आकडा सांगायची. एका क्रेन ऑपरेटरचा आकडा आला १७० वर १००. अख्ख्या रांगेनं ऐकला. मागं क्रेनवरचे अजून तिघं उभे होते, त्यातले दोघं तिथनंच चहाच्या दिशेनं गेले ते परत आलेच नाहीत. का ते सांगायला नको, बीपी निघालं की क्रेनवरनं खाली, खाली आलं की अलाउन्स गेला, आणि ह्यांच्या घरी बोलाचालीत असलेल्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट पोचते. मी बरोबर-चूक म्हणत नाही, भीती खरी आहे एवढंच सांगतो.

बीपीचं वाईट असं की बहुतेकांना काही त्रासच होत नाही, माणूस जेवतो खातो हसतो आणि आत १७० चाललेलं असतं. १४० वर ९० च्या पुढं सारखं राहायला लागलं की डॉक्टर त्याला बीपी म्हणतात, उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर दोनदा आली की मधुमेह. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास २०२३ ला आला त्यात देशात १० कोटींच्या वर मधुमेहवाले आणि मोठ्या माणसांत शंभरातल्या ३५ जणांना बीपी निघालं. म्हणजे आपल्या एका बसमध्ये पन्नास माणसं असतील तर पंधरा-सतरा जण बीपीवाले असू शकतात, बसमध्ये आवाज मात्र एकाचा पण नाही. म्हणून तपासणी व्हायलाच पाहिजे, पण पडद्याआड. रिपोर्ट ज्याचा त्याला बंद पाकिटात, कंपनीला फक्त बेरीज, एवढ्या जणांना साखर, एवढ्यांना बीपी, नाव नाही. काही कामांना कायद्यानं फिटनेस तपासणी लागते, ती वेगळी करा, तिची तारीख वेगळी, डॉक्टर शक्यतो वेगळा, दोन्हीची खिचडी केली की कॅम्पवर कुणी विश्वास ठेवत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं नवे लेबर कोड म्हणजे कामगार कायदे लागू केले, त्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातनं एकदा मोफत तपासणी आहे. ती पण जर मोठ्यानं आकडे ओरडून होणार असेल तर कायदा असून काय उपयोग. आणि एक गोष्ट, ज्याचा पगार २१ हजारांच्या आत त्याला ईएसआय म्हणजे सरकारी आरोग्य विमा आहे, पगारवाढ होऊन तो २१ च्या वर गेला की पुढं ईएसआय बंद होतं आणि तो मेडिक्लेमवर येतो, बरेच जण नेमके तेव्हाच चाळिशीत असतात. ह्या लोकांनी तर कॅम्प अजिबात चुकवू नये.

बक्षिसांचं पण सांगतो. टी-शर्ट, बाटली, छत्री, जास्त स्टेप चाललेल्याला स्मार्ट वॉच. माझी पुतणी पुण्यात समाजकार्याचं शिक्षण, एमएसडब्ल्यू, करते, तिनं मला एक अमेरिकेतला अभ्यास वाचून दाखवला, इलिनॉय विद्यापीठानं आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर केलेला. तपासणी पूर्ण करायला काहीच पैसे दिले नाहीत तर शंभरातले ४७ आले, १०० डॉलर दिले तर ५९, २०० दिले तर ६३. म्हणजे पहिल्या शंभराला बारा माणसं वाढली आणि दुसऱ्या शंभराला फक्त चार. पण त्याहून मला पटलं ते पुढचं, जे आले ते आधीपासूनच बरे असलेले होते, दवाखान्याचा खर्च त्यांचा आधीच कमी होता. हे ऐकून मला आमचा सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा ग्रुप आठवला. २०१२ पासून ही शर्यत चालू आहे, यवतेश्वरचा घाट चढून २१ किलोमीटर, बाहेरगावचे लोक येतात, शहराची शान आहे, त्यात दुमत नाही. कंपनीतर्फे दरवर्षी काही जणांची फी भरली जाते, छातीवर कंपनीचं नाव, नंतर सत्कार. धावणारे कोण, तर जे एरवी पण धावतात तेच. त्यांना पळू द्या, आनंदच आहे. पण वेलनेसचं सगळं बजेट जर आधीच तंदुरुस्त असलेल्या आठ-दहा जणांच्या बुटांवर जात असेल तर तो खांदा वर न जाणारा माणूस कुठल्या हेडखाली बसणार.

पुतणीनं अजून एक अभ्यास दाखवला, तो पण अमेरिकेतलाच, एका मोठ्या दुकानांच्या साखळीत १६० ठिकाणी केलेला. दीड वर्षानंतर लोक म्हणाले आम्ही व्यायाम जास्त करतो, वजनाकडं बघतो, पण बीपी, साखर, दवाखान्याचा खर्च, गैरहजेरी ह्यात काही मोठा फरक नाही सापडला. हे मालक लोकांनी वाचलं तर म्हणतील मग करायचंच कशाला. मी म्हणतो, पैसे वाचतील ह्या आशेनं करू नका, निराश व्हाल. माणसाची पाठ संध्याकाळी कमी दुखली, एखाद्याचं लपलेलं बीपी वेळेत सापडलं, एवढ्यासाठी करा. सगळ्याचा हिशोब एक्सेलमध्ये बसलाच पाहिजे असं कुठं आहे.

पॅकिंग सेक्शनच्या बायकांबद्दल कुणी लिहीत नाही. आमच्या मॅडमनी एकदा झुंबा ठेवला होता, गाणी मोठ्यानं, कॅन्टीनमध्ये, चारी बाजूनं पुरुष चहा पीत उभे. एक पण बाई नाचली नाही आणि नंतर शेरा मारला गेला की लेडीजना इंटरेस्ट नाही. मी एका ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, दार बंद करून द्या, बाई मास्तर आणा, मग बघा आमचा इंटरेस्ट. आणि त्याच्या आधी तेवढं बाथरूमचं बघा, घाण असतं म्हणून आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही." आता बोला. वेलनेस वीकच्या पोस्टरवर रोज तीन लिटर पाणी प्या असं लिहिलेलं होतं, ते पोस्टर त्याच बाथरूमच्या रस्त्यावर लावलेलं. बाथरूम दिवसातनं तीनदा धुवायचं ठरलं तेव्हापासून टेबलावर बाटल्या दिसायला लागल्या, झुंबा अजून झालेला नाही.

कंत्राटी पोरांचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. लाइनवर परमनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाला खांद्याला खांदा लावून उभा असतो, जड काम बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवाल्याच्याच वाट्याला येतं, पण कॅम्पच्या यादीत त्याचं नाव नाही, टी-शर्ट त्याला नाही, योगाला गेला तर ठेकेदार विचारतो मशीन सोडून कुठं होतास. मी ज्या टूलबॉक्सच्या पाच मिनिटांचं सांगितलं त्यात हा भेद आपोआप मिटला कारण तिथं सगळेच उभे असतात, कुणाला यादी लागत नाही. मला वाटतं हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, योगा-बिगा नंतर.

कॅन्टीनचं थोडक्यात सांगतो. व्यायाम करून आल्यावर पुढ्यात वडापाव आणि पाकासारखा चहा ठेवायचा हे काय खरं नाही. मोठ्या कारखान्यात कॅन्टीन कमिटी असते, त्यात कामगारांची माणसं असायला पाहिजेत ही तरतूद १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासूनची आहे, त्या माणसांनी मीटिंगला जाऊन बोलावं. आमच्याकडं चहाची साखर वेगळ्या भांड्यात ठेवली आणि आठवड्यातनं तीन दिवस मटकीची उसळ चालू केली, पहिल्या आठवड्यात शिव्या पडल्या, नंतर उसळ संपली की शिव्या पडायला लागल्या. तंबाखूबद्दल मी लिहीत नाही, ज्यांच्या खिशात पुडी आहे त्यांना सगळं माहीत आहे, सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकटचा नंबर आहे, तेवढा लिहून घ्या.

आणि डोक्याचं दुखणं. कर्ज, ईएमआय, पोराची फी, घरात आजारपण, रात्रपाळीनं मोडलेली झोप, ह्यानं माणूस आतनं पोखरतो आणि मग त्याची गैरहजेरी माझ्या रजिस्टरला लाल शाईनं दिसते. ह्यासाठी मोटिव्हेशनल स्पीकर आणून दोन तास टाळ्या वाजवण्यापेक्षा टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पंचिंग मशीनच्या वर लावा, मराठीतनं बोलता येतं, नाव कंपनीला कळत नाही. आमच्याकडं तो लावलाय, कोण फोन करतं मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारण पण नाही.

कामगार मित्रांनो, तुमच्या शॉपमध्ये असलं काही चालू झालं तर पहिल्या दिवशी लाजू नका, हसा पण उभं राहा. वेळ अडचणीची असेल तर तोंडानं सांगा, युनियनमधनं सांगा, कॅन्टीन कमिटीत सांगा, बॉक्समध्ये चिठ्ठी टाका. गप्प बसून पंच करून निघून गेलात तर वर रिपोर्ट जातो की ह्यांना नको आहे, आणि पुढच्या वर्षी ते पैसे दुसरीकडं वळतात. कॅम्पला आकडे मोठ्यानं ओरडत असतील तर तिथंच म्हणा की हळू सांगा, एकानं म्हटलं की बाकीचे पण म्हणतात.

संपादक साहेब, तुमच्याकडं पण एक मागणी आहे. दरवर्षी २१ जूनला योग दिनाचे फोटो तुमच्या पेपरात अर्धं पान भरून येतात, अमक्या कंपनीत उत्साहात साजरा, तमक्या संस्थेत शेकडोंचा सहभाग, पहिल्या ओळीत साहेब लोक, पांढरे टी-शर्ट. पुढच्या वेळेला फोटो पाठवणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा आणि त्याची उत्तरं फोटोखाली छापा, कार्यक्रम शिफ्टच्या वेळेत झाला का, आणि २२ जूनला काय केलं. माझ्या कंपनीचा फोटो आला तर आम्हाला पण विचारा.

आपला,
टाइम ऑफिसमधला एक वाचक
कोडोली, सातारा
(नाव कृपया छापू नये)